यांगत्सेवरची बोट आणि पाण्याखालची गावं

नमस्कार श्रोतेहो. घरातली लहानथोर सगळी माणसं घेऊन चीनला जायचा बेत असेल, तर चोंगचिंग ते यिचांग हा यांगत्से नदीवरचा बोटीचा प्रवास जरूर करा. प्रवाहाबरोबर साधारण तीन रात्री लागतात, उलट्या दिशेनं चार. रोज बॅगा बांधायच्या नाहीत, आजी-आजोबांनी खोलीबाहेरच्या गॅलरीत बसून डोंगर बघावेत. मात्र बोट जिथे जिथे लागेल तिथे उतराच. या नदीचं काय झालं, हे किनाऱ्यावर पाय ठेवल्याशिवाय कळत नाही.

यिचांगजवळच्या थ्री गॉर्जेस या धरणामागे जवळजवळ चोंगचिंगपर्यंत, सहाशेहून अधिक किलोमीटर, यांगत्से आता जलाशय झाली आहे. काठावर 175 आकड्याच्या पाट्या दिसतात. हिवाळ्याच्या तोंडाशी पाणी समुद्रसपाटीपासून 175 मीटरपर्यंत चढवतात, आणि पुराला जागा हवी म्हणून उन्हाळ्याआधी 145 पर्यंत उतरवतात. मुलं विचारतील, ही पाटी कसली? त्यांना खरं सांगा. तिच्याखालची गावं, शेतं, बाजार सगळं बुडालं आणि बारा लाखांहून अधिक माणसांना घर सोडावं लागलं. कोयनेच्या धरणग्रस्तांची कहाणी ज्या घरात सांगितली जाते, तिथल्या मुलांना हे लगेच समजेल.

फंगदूला टेकडीवर यमराजाचा दरबार आहे. हा आपलाच यम, बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेला. देवळं उंचावर म्हणून वाचली. खालचं जुनं गाव गेलं आणि नवं पलीकडच्या तीरावर वसवलं.

माझं मन जडलं ते शिबाओझायवर. उभ्या कातळाला टेकून बारा मजल्यांचा लाल लाकडी मनोरा चढत गेला आहे. पूर्वी त्याच्या पायथ्याशी वस्ती होती. आता भोवती बांध घातलाय, चहूकडे पाणी आहे आणि झुलत्या पुलावरून आत जावं लागतं. वर देवळात एक भोक दाखवतात. त्यातून रोज भिक्षूंना पुरतील एवढेच तांदूळ पडायचे म्हणे. एका हावऱ्या भिक्षूनं ते मोठं केलं आणि तांदूळ कायमचे थांबले. जिने अरुंद आणि चढे आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावं, खालूनही तो तितकाच देखणा आहे.

पुढे तीन घळी लागतात: छुथांग, वू आणि शीलिंग. छुथांग सगळ्यात छोटी, जेमतेम आठ किलोमीटर, पण तिच्या तोंडाशी दोन्ही कडे असे समोरासमोर येतात की बोलणं थांबतं. दहा युआनच्या नोटेवर हेच दृश्य छापलंय. वरच्या डेकवर वेळेआधी जाऊन जागा धरा. पूर्वी इथे प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावा माणसं दोरखंडांनी ओढून नेत. काठावरच्या कातळांत दोरांनी घासून पडलेल्या खाचांपैकी कितीतरी आता पाण्याखाली आहेत.

मग धरण: सव्वादोन किलोमीटरहून लांब भिंत आणि 22,500 मेगावॅट वीज. जहाजं पाच टप्प्यांच्या पाणकुंडांतून जिना उतरावा तशी उतरतात. कुंडाचा प्रचंड दरवाजा बंद होतो, पाणी सोडतात आणि अख्खी बोट भिंतींच्या मधोमध खाली खाली जाते. तुमची बोट या कुंडांतून जाणार असेल, तर रात्र असली तरी मुलांना उठवा. 2016 पासून तीन हजार टनांची जहाजं उचलणारी लिफ्टही सुरू झाली आहे.

हा प्रवास आपल्याला आणखी एका कारणानं जवळचा वाटावा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, ते हानकौ, यिचांग, चोंगचिंग अशा याच नदीकाठच्या शहरांतून पुढे येनानला पोचले. जपानशी चाललेल्या युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि 1942 मध्ये तिकडेच वारले. तेव्हा ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. तिकिटं काढण्याआधी एखाद्या रविवारी मुलांना सोलापुरातलं त्यांचं स्मारक दाखवून आणा. यिचांगच्या धक्क्यावर उतरताना त्यांना ते नाव ओळखीचं असेल.