मेरी बिअर्ड आणि बंबात गेलेले कागद

मेरी बिअर्ड म्हटल्यावर काहींना प्राचीन रोमवर लिहिणाऱ्या आजच्या ब्रिटिश विदुषी आठवल्या असतील. त्या वेगळ्या. आपल्या मेरी रिटर बिअर्ड अमेरिकेतल्या इतिहासकार, जन्म १८७६चा, इंडियानापोलिसचा. लग्नानंतर इंग्लंडला गेल्या, मँचेस्टरला स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या पँकहर्स्ट मंडळींशी ओळख झाली. परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये ‘द वुमन व्होटर’ या नियतकालिकाचं संपादन केलं, पुढे मताधिकार चळवळीतल्या ॲलिस पॉलच्या जहाल गटात गेल्या. १९२०ला अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार मिळाला. ही कथा तुम्हाला ठाऊक आहे.

मला बोलायचंय कागदांबद्दल. १९३५ साली हंगेरीच्या रोझिका श्विमर यांनी स्त्रियांच्या कागदपत्रांसाठी जागतिक केंद्र काढायची कल्पना मांडली आणि बिअर्डबाईंनी ती अंगावर घेतली. ब्रीद होतं, ‘कागद नाहीत, तर इतिहास नाही’. आता सांगा, बायकांचे कागद जातात कुठे? आजी गेली की माळा आवरायला काढतात. आजोबांची पत्रं फायलीत, आजीची वही बंबात! पुढच्या रांगेत माना हलताहेत, म्हणजे हे घरोघरचं आहे. त्या वहीत हिशेब असतो, सुईणीचे पैसे असतात, कुठल्या सभेला कोण आलं ते असतं. हाच तर इतिहास!

पैसा उभा राहिला नाही, आपसात मतभेद झाले, १९४०मध्ये केंद्र बंद पडलं. पण रॅडक्लिफ आणि स्मिथ या महिला महाविद्यालयांत पुढे जे मोठे संग्रह उभे राहिले, त्यांमागे बाईंचा रेटा होता. आणि याच बाईंनी स्वतःची बहुतेक खासगी पत्रं नष्ट केली. मला याचा आजही राग येतो.

दुसरा राग ब्रिटानिकाचा. विश्वकोशात स्त्रियांबद्दल काय सुटलंय ते सांगा, असं संपादक वॉल्टर यस्ट यांनीच बाईंना सुचवलं. त्यांनी तिघी सहकारी घेतल्या, सुमारे दीड वर्ष खपल्या, १९४२मध्ये ४२ पानांचा अहवाल दिला. त्यातलं जवळजवळ काहीच छापलं गेलं नाही. आणि १९२७चा ‘द राइज ऑफ अमेरिकन सिव्हिलायझेशन’? मुखपृष्ठावर नवराबायको दोघांची नावं, परीक्षणांत बहुतेक वेळा श्रेय एकट्या चार्ल्सना.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. जाहीर केलेला विषय, म्हणजे बाईंचं पुस्तक, पाच मिनिटांत उरकतो.

१९४६चं ‘वुमन ॲज फोर्स इन हिस्टरी’. बाई म्हणतात, स्त्री सदासर्वकाळ दासीच होती हा समज अठराव्या शतकातल्या इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनच्या कायदेग्रंथानं पसरवला. लग्न झालं की कायद्यापुढे नवराबायको एकच व्यक्ती, असं त्यानं मांडलं, आणि १८४८च्या सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क परिषदेच्या पुढाऱ्यांनीही तेच गृहीत धरलं. प्रत्यक्षात इक्विटीची, म्हणजे कायद्याच्या शब्दापेक्षा न्यायबुद्धीनं निवाडा करणारी, न्यायालयं होती, तिथे विवाहितेची स्वतंत्र मालमत्ता राखता येई. स्त्रियांनी राज्यं चालवली, धंदे केले, संघटना बांधल्या, हे इतिहासात मांडा, असा त्यांचा आग्रह.

मला यातलं बरंच पटतं, सगळं नाही. इक्विटीचा दरवाजा मालमत्ता असलेल्या बापाच्या लेकीला उघडा होता. गिरणीत राबणारीला, गुलाम म्हणून विकल्या जाणारीला त्याचा काय उपयोग? त्या पुस्तकात मला याचं समाधानकारक उत्तर सापडत नाही. कुणाला सापडलं असेल तर आत्ता सांगा, चहा थांबेल.