स्लो कुकरमधलं बीफ सूप: पास्ता सगळ्यात शेवटी!

नमस्कार मंडळी! स्लो कुकरच्या रेसिपीत एक वाक्य हमखास असतं: सगळं एकदम टाका, झाकण लावा आणि कामाला जा. आजच्या बीफ आणि पास्त्याच्या सूपात तसं केलंत, तर संध्याकाळी फिकट उकडलेलं मांस आणि तळाशी पास्त्याची खळ मिळेल.

इथे अमेरिकेत आपल्या बऱ्याच मराठी घरांत हे विजेवर मंद शिजवणारं भांडं ओट्यावर असतं, पण आपण त्याच्याकडून प्रेशर कुकरची कामं मागतो. प्रेशर कुकर आतल्या दाबामुळे 120 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. स्लो कुकरचं काम मात्र 200-250 वॅटवर चालतं. तापणारी तार बाजूंनी गुंडाळलेली, आत जाड चिनीमातीचं भांडं, आणि तापमान उकळीच्या जरा खालीच थांबतं. लो आणि हाय ह्यांत मुख्य फरक एवढाच, की हायवर ते तिथे लवकर पोचतं.

मुळात हे यंत्र रात्रभर मुरवायलाच जन्माला आलं. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना 1940 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्यांच्या आईचं माहेर लिथुआनियातलं, ज्यू कुटुंब. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मांस, घेवड्याचे दाणे आणि कंदांचं भांडं गावातल्या बेकरीच्या भट्टीत ठेवायचं आणि विझत चाललेल्या आचेवर दुसऱ्या दिवसापर्यंत शिजू द्यायचं. त्या पदार्थाचं नाव चोलेंट. ही आठवण त्यांनी आईकडून ऐकलेली. पुढे रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि 1971 मध्ये हेच भांडं क्रॉक-पॉट म्हणून घरोघरी गेलं.

आता मांस. दुकानात चक मागा, म्हणजे खांद्याचा भाग. हे बघा, ह्या तुकड्यात चरबीच्या रेघा आणि हे पांढरे चिवट पापुद्रे दिसतायत ना? तेच हवंय. 70 अंशांच्या पुढे तासन्‌तास राहिलं की ते विरघळून त्याचं जेलॅटिन होतं आणि रसाला अंगचा दाटपणा येतो. महागडं, बिनचरबीचं मांस घ्याल तर आठ तासांनी चोथा चावाल. महाराष्ट्रातून बघणाऱ्यांसाठी: तिथे गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि बैल, वळू यांच्या कत्तलीवर 2015 पासून बंदी आहे, तेव्हा म्हशीचं मांस किंवा मटणाचा खांदा घ्या, आणि सोबत दोन-चार नळ्या मागून घ्या.

एक किलो मांसाचे दीड इंची तुकडे. कागदाने टिपून कोरडे करा, कारण ओलं मांस भाजत नाही, वाफेवर शिजतं. जाड बुडाच्या पातेल्यात तेल चांगलं तापवा आणि तुकडे सुटेसुटे ठेवा. गर्दी नको, दोन घाण्यांत करा. आणि ठेवलेत की हात लावू नका! स्वतःहून तळ सोडतील तेव्हाच उलटा. असा रंग यायला मांसाचा पृष्ठभाग साधारण 140 अंशांवर जावा लागतो. स्लो कुकर 100 च्या आतलाच, त्यामुळे ही चव तो कितीही तास ठेवलात तरी देणार नाही. ही दहा-पंधरा मिनिटं वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

त्याच पातेल्यात दोन कांदे परता, सहा लसूण पाकळ्या ठेचून घाला, दोन चमचे टोमॅटो पेस्ट काळपट लाल होईपर्यंत परता. मग कपभर स्टॉक ओतून तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्या. खरपूस असेल तर घ्या, करपलं असेल तर टाकून द्या.

स्लो कुकरमध्ये गाजर आणि सेलरी खाली, कारण भाज्या इथे मांसापेक्षा हट्टी असतात. वर मांस, मग टोमॅटोचा 800 ग्रॅमचा डबा, आणखी चार कप स्टॉक, तमालपत्र, ओरेगानो. पार्मेझान चीजची कडक साल फ्रीजमध्ये पडली असेल तर तीही टाका. पाणी बेताचंच, कारण इथून वाफ फारशी बाहेर जात नाही आणि रस आटत नाही. मीठही शेवटीच बघू. लो वर आठ तास. मध्ये झाकण उघडून डोकावलंत की गेलेली उष्णता परत यायला 20-30 मिनिटं लागतात.

राजमा घालणार असाल तर डब्यातला, शिजलेला. कच्चा लाल राजमा ह्यात थेट टाकू नका, हे मी गंमतीने सांगत नाहीये. त्यात फायटोहिमाग्लुटिनिन नावाचं विष असतं. ते घालवायला दाणे पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळाखळा उकळावे लागतात. मंद आचेवर ते टिकतं, आणि अर्धकच्च्या राजम्याने काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. घरच्या प्रेशर कुकरमध्ये शिजवलेला राजमा मात्र बिनधास्त घाला.

आणि पास्ता! डितालिनी, म्हणजे ह्या आखूड नळ्या, चमच्यात मावतात. नसतील तर एल्बो मॅकरोनी. सगळं सूप एकाच जेवणात संपणार असेल, तर 150 ग्रॅम पास्ता शेवटी घालून हायवर 20-25 मिनिटं ठेवा, पंधराव्या मिनिटापासून चाखत राहा. उरणार असेल तर, आणि ह्या मापात ते उरतंच, पास्ता वेगळा उकळा. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी, निथळून तेलाचा हात, आणि थेट वाडग्यात. वरून गरम सूप. सूपात राहिलेला पास्ता रात्रभर रस पीत राहतो आणि सकाळी डब्यात रस्साच उरत नाही.

आता मीठ, मिरपूड आणि अर्धा चमचा व्हिनेगर. लिंबूही चालेल.

उरलेलं सूप दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा. पास्त्याविना फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने छान राहतं. परत गरम करताना मात्र गॅसवर उकळी आणा. स्लो कुकरमध्ये गार सूप तापायला तासन्‌तास लागतात आणि तेवढ्यात जंतूंचं फावतं.