जुन्या गाडीचा गिअर घट्ट पडतो? क्लच प्लेटा बदलण्याआधी हे तपासा

नमस्कार मंडळी. पावसाळा सरत आला की या चॅनेलवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागतो. कोणाच्या स्प्लेंडरचा पहिला गिअर खाडकन पडतो, कोणाच्या जुन्या पल्सरचे न्यूट्रल सिग्नलला सापडतच नाही, तर कोणी हौसेने यामाहाची जुनी आरएक्स १०० घेऊन रंगवून घेतलेली असते आणि दुसरा गिअर टाकताना पाय दुखतो अशी त्याची तक्रार असते. या प्रश्नांच्या शेवटी बहुतेक वेळा एक वाक्य ठरलेले असते : ‘मेकॅनिक म्हणतो, क्लच प्लेटा गेल्या आहेत, बदलून टाका.’ आजचा व्हिडिओ मी मुख्यतः त्या वाक्यासाठी करतो आहे, कारण त्यापायी अनेकांचे पैसे विनाकारण खर्च होतात.

क्लच दाबला की आत एकमेकींवर दाबून बसलेल्या प्लेटा सुट्या होतात आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यात एवढीच भर घालतो की आपल्या गाड्यांमध्ये गिअरचे दाते कायम एकमेकांत बसलेलेच असतात. गिअर बदलताना जे सरकतात, ते गिअरच्या बाजूला असलेले जाड, आखूड दाते असतात. त्यांना डॉग म्हणतात. त्या डॉगवर इंजिनाचा ताण असेल, तर ते सहज सरकत नाहीत आणि आपल्याला वाटते की गिअर अडकला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. क्लचचे बिघाड मुख्यतः दोन आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पहिला म्हणजे क्लच घसरणे. कात्रजचा किंवा दिवे घाटाचा चढ लागला, अ‍ॅक्सिलेटर पिळला, इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडीचा वेग वाढेना, तर क्लच घसरतो आहे. प्लेटा झिजल्याचे लक्षण हे आहे. दुसरा बिघाड म्हणजे क्लच पूर्ण न सुटणे. लिव्हर मुठीपर्यंत दाबलेला असतानाही इंजिन चाकाला थोडेथोडे ओढत राहते. गिअर घट्ट पडण्याचे आणि न्यूट्रल न सापडण्याचे कारण बहुतेक वेळा हे दुसरे असते. झिजलेली प्लेट पकड सोडते. ती पकडून ठेवत नाही. म्हणून केवळ ‘गिअर घट्ट आहे’ एवढ्यावरून ‘प्लेटा झिजल्या’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

हेच क्लच वायरच्या बाजूने पाहा. प्लेटा झिजल्या की त्यांचा एकत्रित थर पातळ होतो, त्यांना दाबून ठेवणारी प्रेशर प्लेट आत सरकते आणि बहुतेक गाड्यांत लिव्हरची मोकळी चाल, म्हणजे क्लच सुटू लागण्याआधी लिव्हर जेवढा रिकामा सरकतो ते अंतर, आपोआप कमी होते. चाल कमी झाली म्हणजे लिव्हर थोडा दाबला तरी क्लच लवकर सुटणार. याचा अर्थ, प्लेटा झिजण्याने गिअर उलट सोपा व्हायला हवा.

यावर काही प्रेक्षक लिहितात की प्लेटा बदलल्यावर आमचा गिअर खरोखर सुधारला, मग तुम्ही असे कसे म्हणता? तुमचा अनुभव खरा आहे, पण त्या कामात आणखी काय काय झाले ते आठवून पाहा. प्लेटा बदलताना जुने ऑइल काढून नवे भरले गेले आणि क्लच वायर नव्याने जुळवली गेली. कोथरूडमधल्या माझ्या एका परिचितांच्या गाडीला गॅरेजमध्ये पूर्ण क्लच सेट बसवला होता. पहिले काही दिवस गिअर छान पडला आणि महिन्याभरात पुन्हा तीच खडखड सुरू झाली. मी लिव्हरपाशी वायर मोकळी केली, तेव्हा निपलच्या, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या गोळीच्या, अगदी मागे वायरच्या तारा एकेक करून तुटत आल्या होत्या आणि उरलेल्या ताणल्या जात होत्या. नवी वायर बसवली, चाल जुळवली आणि तक्रार मिटली.

म्हणून पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून करायची. गाडी डबल स्टँडवर घ्या. एका हाताने मागचे चाक हळूहळू फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताने गिअर लिव्हर दाबून एकेक गिअर टाका. चाक फिरवणे अत्यंत आवश्यक आहे. स्थिर चाकावर दोन डॉग समोरासमोर आले, तर चांगल्या गिअरबॉक्समध्येही गिअर पडणार नाही. तसे झाल्यावर घाबरून पायाने जोर देऊ नका, चाक बोटभर फिरवा, तो बसेल. सगळे गिअर अशा रीतीने सहज पडले आणि इंजिन चालू केल्यावर मात्र तेच गिअर घट्ट झाले, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे आणि क्लच पूर्ण सुटत नाही, असे समजायला हरकत नाही. इंजिन बंद असतानाही गिअर घट्ट असेल, तर क्लच सोडून द्या आणि गिअर लिव्हर, त्याचा शाफ्ट आणि गिअरबॉक्स यांच्याकडे वळा.

दुसरी परीक्षा इंजिन चालू ठेवून करायची आहे, तेव्हा कपडे आणि बोटे चेन व चाकापासून लांब ठेवा. इंजिन चांगले गरम होऊ द्या, कारण थंड ऑइल चिकट असते आणि त्यामुळे फसगत होते. डबल स्टँडवरच क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. मागचे चाक थोडे फिरेल. ऑइलमुळे तेवढे होणारच. आता मागचा ब्रेक हलकेच दाबा. चाक थांबले आणि इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही, तर क्लच व्यवस्थित सुटतो आहे. ब्रेक लावताच इंजिन दबले किंवा बंद पडले, तर क्लच सुटत नाही, हे सिद्ध झाले.

एक प्रेक्षक नेहमी लिहितात की क्लच न दाबता, अ‍ॅक्सिलेटर सोडून गिअर टाकला तर लोण्यासारखा पडतो. त्यांचे निरीक्षण अचूक आहे. अ‍ॅक्सिलेटर सोडला त्या क्षणी डॉगवरचा ताण उतरतो आणि ते मोकळे सरकतात. म्हणजे त्यांचा गिअरबॉक्स ठीक असण्याची शक्यता मोठी आहे आणि क्लचच्या सुटण्यातच दोष आहे. मात्र तशी सवय करू नये. क्षण चुकला तर डॉगच्या कडा घासल्या जातात, आणि कडा गोलावल्या की गिअर निसटू लागतो.

क्लच सुटत नाही असे ठरल्यावर सर्वांत आधी लिव्हरची मोकळी चाल पाहा. इंजिनाच्या बाजूला, जिथे वायर संपते तिथला आर्म (वायर जिला ओढते ती छोटी दांडी) डोळ्यांसमोर ठेवा आणि लिव्हर अगदी सावकाश दाबा. आर्म हलू लागेपर्यंत लिव्हरचे टोक जेवढे सरकले, ती मोकळी चाल. रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांत ती लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर असावी लागते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण माना. चाल जास्त असेल तर तुम्ही मुठीपर्यंत दाबूनही क्लच अर्धाच सुटतो. चाल अजिबात उरली नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि प्लेटा खरोखर जळतात, म्हणून वायर अति आवळणे हाही उपाय नाही. लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर बारीक जुळवणीसाठी आहे. तो पूर्ण बाहेर आला असेल तर आत फिरवून घ्या आणि मुख्य जुळवणी इंजिनाकडच्या नटांवर करा.

चाल बरोबर असूनही दोष राहिला, तर वायर दोन्ही टोकांनी सोडवून हाताने ओढून पाहा. पावसाचे पाणी आवरणात शिरून तार गंजली असेल, तर ती अडखळत सरकेल. हँडल बदलले असल्यास वायरला कुठे तीव्र वळण पडले आहे का, तेही पाहा. लिव्हरच्या बोल्टाचे भोक अंडाकृती झाले असेल, तर लिव्हरची काही चाल तिथेच वाया जाते. वायर पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणणार असाल, तर जुनी वायर सोबत न्या आणि दोन्ही शेजारी धरून बाहेरच्या आवरणाची व आतल्या तारेची लांबी जुळते का, ते दुकानातच पाहा.

यानंतर ऑइल. फोर-स्ट्रोक गाड्यांत क्लच, गिअर आणि इंजिन बहुतेक एकाच ऑइलवर चालतात, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) असे लिहिलेलेच ऑइल घ्या. कारचे ऑइल वापरू नका. १०डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या जाडीचा आकडा) सांगितलेल्या गाडीत ‘जाड ऑइल चांगले’ म्हणून २०डब्ल्यू-५० भरले, तर थंडीत सकाळी क्लच ओढणारच. आरएक्स १०० वाल्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण ही टू-स्ट्रोक गाडी आहे. तुम्ही भरता ते टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाते. गिअरबॉक्सचे ऑइल खाली वेगळे असते आणि ते वर्षानुवर्षे न बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. ही गाडी १९९६ सालानंतर बनलेली नाही, त्यामुळे आधीच्या मालकाने ते बदलले असेल असे गृहीत धरू नका.

चेन फार ताणलेली नाही ना आणि आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वाढवून ठेवलेले नाही ना, हे पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. गाडी डाव्या बाजूला पडलेली असेल, तर गिअरचा शाफ्ट वाकून कव्हरमध्ये घासत असू शकतो; शाफ्टच्या सीलपाशी ऑइल झिरपत असेल तर ही शंका पक्की होते.

एवढे सगळे करूनही इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रल सापडत नसेल, तर मात्र क्लचचे कव्हर उघडावे लागेल. तिथेही फक्त फ्रिक्शन प्लेटा (पकड धरणारे अस्तर असलेल्या प्लेटा) बदलून थांबू नका. त्यांच्यामधल्या लोखंडी प्लेटा सपाट काचेवर ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कडेखालून जातो का ते पाहायला सांगा, कारण वाकलेली प्लेट सुटत नाही. मग क्लच हाऊसिंगच्या, म्हणजे प्लेटा ज्या डब्यात बसतात त्याच्या, खाचांवरून नखाने चाचपा. प्लेटांच्या कडेचे कान आदळून तिथे पायऱ्या पडल्या असतील, तर प्लेटा त्या पायऱ्यांत अडकतात आणि नवा सेटही तसाच अडकेल. पायऱ्या किरकोळ असतील तर कानसेने सरळ करता येतात, खोल असतील तर हाऊसिंग बदलावे. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवायला सांगायला विसरू नका. कोरड्या बसवलेल्या प्लेटा सुरुवातीला चिकटतात आणि जळतातही.

कमेंटमध्ये प्रश्न विचारताना गाडीचे मॉडेल, तक्रार थंड इंजिनाला आहे की गरम, आणि इंजिन बंद ठेवून चाक फिरवत टाकलेले गिअर कसे पडले, एवढे तरी जरूर लिहा. ही तिसरी माहिती नसेल तर मी उत्तरात तीच आधी विचारणार आहे.