गाठ निघाल्यानंतरचा पहिला तास

(दृश्य: नाशिक, सीबीएस, सकाळ. कळवणहून आलेली एसटी)

पिशवीत बरणी आहे, बरणीत काल तालुक्याला काढलेली स्तनाची गाठ, कॅन्सरच्या तपासणीसाठी. नातेवाइकांनी ती मांडीवर धरून आणली, थेंबही सांडू दिला नाही. पण बरणी अरुंद तोंडाची. गाठ कोंबलेली, फॉर्मॅलिन (गाठ कुजू न देणारं द्रावण) जेमतेम ती बुडेल इतकं.

(दृश्य: लॅब, ग्रॉसिंगचं म्हणजे गाठ पाहून कापायचं टेबल)

फॉर्मॅलिन आत मुरतं तासाला साधारण एक मिलिमीटर. अख्खी गाठ तशीच बुडवली की कडा पक्क्या होतात, मधला भाग कुजत राहतो. म्हणून आधी कडांना शाई, मग 5 ते 10 मिलिमीटरच्या चकत्या, चकत्यांमध्ये टिपकागद. फॉर्मॅलिन 10 टक्क्यांचं, न्यूट्रल बफर्ड, गाठीच्या दहापट. गाठ शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात त्यात पडली पाहिजे. मग किमान 6, जास्तीत जास्त 72 तास.

बरणीवर दोन वेळा लिहायच्या: गाठ काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची. दुसरी बहुतेकदा कोरी सापडते. पेन महाग नाही.

(दृश्य: मायक्रोटोम, पातळ काप काढायचं यंत्र, जवळून)

गाठीचे तुकडे मेणात बसवून ब्लॉक करतात. त्यातून 3-4 मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) पट्टी निघते. कोमट पाण्यावर ती सायीसारखी पसरते. काच तिरकी घालून अलगद उचलायची. सुरकुती पडली तर पट्टी फेकून दुसरी.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून, तपकिरी ठिपके)

रंगवलेल्या पट्टीत तपकिरी दिसतात ती इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारं प्रथिन) असलेली पेशींची केंद्रकं. शंभरात एक रंगलं तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह. हर-टू या दुसऱ्या प्रथिनाचा निकाल '2 प्लस', म्हणजे धड हो ना नाही, आला तर फिश ही जनुकाची तपासणी. ग्रेडसाठी (कॅन्सर किती आक्रमक ते) पेशींनी केलेल्या नळ्या, केंद्रकांचं रूप आणि पेशींचं विभाजन यांना प्रत्येकी 3 पैकी गुण. बेरीज 8-9 म्हणजे ग्रेड 3, सर्वांत आक्रमक.

आजार उलटण्याचा धोका यावरून ठरतो, शिवाय गाठीचा आकार आणि काखेतले लिम्फ नोड (लसीका गाठी). रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काख मोकळी (नोडमध्ये कॅन्सर नाही) असेल, तर आजार उलटण्याच्या धोक्याचा स्कोअर देणारी 21 जनुकांची ऑन्कोटाइप तपासणी करता येते. पन्नाशीपुढच्या अशा बायकांमध्ये स्कोअर 25 पर्यंत असेल तर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांवर केमो जोडून वेगळा फायदा होत नाही, हे 2018 च्या टेलरएक्स चाचणीत दिसलं. बंगळूरची कॅनअसिस्ट ही अशीच तपासणी पाच प्रथिनं तपासते. दोन्ही तपासण्या याच ब्लॉकवर.

मधला भाग कुजला तर रिसेप्टर असूनही रंगत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आणि पाच वर्षं रोज घ्यायची 20 मिलिग्रॅमची टॅमॉक्सिफेन ही हार्मोन रोखणारी गोळी लिहिलीच जात नाही.

(दृश्य: ब्लॉकचं कपाट)

ब्लॉक आणि स्लाइड मागून घेता येतात. दुसरं मत घ्यायला जाताना रिपोर्टच्या झेरॉक्ससोबत तेही न्यायचे. फक्त वैशाखात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.