तीस डॉलरचं मुखपृष्ठ

फोटोग्राफर मित्रहो, एप्रिल 2009 मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर नाण्यांनी भरलेली काचेची बरणी छापून आली. मंदीचे दिवस होते, अंकाचा विषय काटकसर. फोटो आला होता आयस्टॉकफोटो या स्वस्तात फोटो विकणाऱ्या वेबसाइटवरून, आणि तो काढणाऱ्या रॉबर्ट लॅम यांच्या पदरात पडले 30 डॉलर. एवढ्या मोठ्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाला हजारो डॉलर मिळायची सवय असलेले अमेरिकेतले फोटोग्राफर खवळले. लॅम मात्र खूश होते. त्यांचं पोट फोटोंवर चालत नव्हतं.

सगळं मर्म तिथेच आहे. हौशी माणसाचा घरखर्च दुसरीकडून निघतो, म्हणून त्याच्या दराला तळच नसतो. आयस्टॉक 2000 साली कॅनडात सुरू झालं ते डिझायनरांनी एकमेकांना फोटो फुकट द्यावेत म्हणून. पुढे नाममात्र दर लावला, आणि 2006 मध्ये गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या बड्या कंपनीने ती कंपनी 5 कोटी डॉलरला घेतली. फोटो कवडीमोल झाले, पण ते विकणारं दुकान महाग झालं!

आता आपल्याकडे या. लग्नसराईत गिऱ्हाइकाचा फोन येतो, ‘तो मुलगा निम्म्यात करतोय, तुम्ही का नाही?’ त्या मुलाचा मला राग येत नाही. आपल्यातले कितीतरी जण उसन्या कॅमेऱ्यावरच शिकलेत. पण त्याचा हिशेब पाहा. सुरुवातीच्या दर्जाच्या डीएसएलआर कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे प्रत्येक क्लिकला उघडमीट होणारा आतला पडदा, साधारण 1 लाख क्लिक टिकेल असं धरतात. एका लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत 3-4 हजार क्लिक सहज होतात. म्हणजे 25 ते 30 लग्नांत शटरचं आयुष्य सरत आलं. तो खर्च त्याने दरात धरलेलाच नसतो. फ्लॅशच्या बॅटऱ्या, हार्ड डिस्क, अल्बमसाठी रात्र रात्र बसून केलेलं डिझाइन, सगळं घरच्या पैशातून. दोन सीझननंतर तो धंदा सोडतो, पण गावातला दर पाडून जातो. त्याची जागा दुसरा घेतो.

त्यात कायद्याचीही एक बाजू आहे, आणि ती आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. लग्नाचा फोटो आपण पुन्हा कुठे विकू शकत नाही. जे कमवायचं ते त्या एकाच बिलात.

म्हणून दर पाडून त्याच्याशी लढू नका, ती लढाई आपण हरणारच. अंतरपाट एकदाच दूर होतो, आणि त्या क्षणी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड गेलं तर पुन्हा मुहूर्त काढता येत नाही. आपण विकतो ती या क्षणाची जबाबदारी. मग ती कोटेशनवर दिसू द्या: दुसरा कॅमेरा सोबत असेल, प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर जाईल, त्याच रात्री दोन डिस्कवर कॉपी होईल, आपण आजारी पडलो तर कोण येईल त्याचं नाव. आज आपल्या बहुतेकांच्या कोटेशनवर काय असतं? अल्बमची पानं आणि ड्रोनचे तास. हे दोन्ही तो मुलगा निम्म्यात देतोच आहे.

आणि त्याला हाताखाली घ्या. दिवसाचे पैसे ठरवून द्या, शटरचा हिशेब शिकवा. पुढच्या वर्षी तो स्वतःचा दर लावेल तेव्हा त्यात घसारा, म्हणजे कॅमेऱ्याची झीज, धरलेला असेल.