अंजिराला ऊन कमी, वारा जास्त

(गावातल्या वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतलं भाषण. छापताना थोडी काटछाट केली आहे.)

बाहेर फळ्यावर आजचा विषय लिहिला आहे, ‘सुकं अंजीर पावसाळाभर कसं टिकवावं’. टिकवण्यावर येतोच. पण आधी उन्हाशी असलेलं एक भांडण मिटवू द्या, कारण ते मिटल्याशिवाय टिकवायला घरात काही उरतच नाही.

आपल्याकडं उन्हाची वाण कधी पडली नाही. कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या, पापड, सगळं स्लॅबवर टाकायचं आणि संध्याकाळी गोळा करायचं. त्यामुळं घरामागच्या सांदवाडीत न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अंजिराचं झाड लदबदलं, की माणूस पहिल्यांदा परात घेऊन वर चढतो. त्यातून कुणी टिनावर अंजीर ठेवलं तर विचारूच नका. मे महिन्यात दुपारी टिनाला हात लावून पाहा, आणि मग त्यावर फळ ठेवायचं का ते ठरवा.

पापड पातळ असतो. त्यातलं पाणी चार तासांत निघून जातं. ताज्या अंजिरात शंभरात जवळपास ८० भाग पाणी असतं, आणि ते जाड गरात अडकलेलं असतं. कडक उन्हात, तापलेल्या पत्र्यावर वरची साल झपाट्यानं वाळून आकसते, गच्च होते आणि आतल्या पाण्याची वाट बंद करते. दुधावर साय धरावी तसं. बाहेरून फळ खणखणीत दिसतं, तुम्ही खूश होऊन बरणीत भरता, आणि आठवड्यानं झाकण उघडलं की ताडीचा वास! (हशा.) हसू नका, ज्यांना तो वास ओळखीचा आहे त्यांनी तर मुळीच हसू नका. आत राहिलेल्या ओलीत साखर असते, यीस्ट तिच्यावर काम सुरू करतं, आणि फळ आंबतं.

म्हणून सांगतो, वाळवण्याचं खरं काम वारा करतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडची दुपारची हवा ४२-४४ अंशांची आणि इतकी कोरडी असते, की ओला पंचा सावलीतसुद्धा बघता बघता वाळतो. हीच हवा पुरे. सकाळी आठ ते अकरा कोवळं ऊन द्या, त्यानंतर परात ओसरीत, जिथून वारा आरपार जातो तिथं. खरं तर परात नकोच. खालून हवा लागली पाहिजे, म्हणून बाजेवर स्वच्छ सुती कापड किंवा स्टीलची जाळी घ्या, वरून मच्छरदाणी. बाजेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या तुमच्या आधी पंगतीला बसतील. वानरांसाठी मात्र माझ्याकडं उपाय नाही. तो विषय ग्रामसभेत घ्या.

आता माझी जुनी तक्रार. दिवसभर सगळं नीट करायचं, आणि रात्री धूळ नको, वावटळ नको, मांजर नको म्हणून बाज उचलून आत घ्यायची. कुठं? कूलरच्या खोलीत! कूलर म्हणजे काय? ओल्या ताट्यांतून हवा ओढून खोलीत दमटपणा भरणारं यंत्र. दिवसभर जे पाणी बाहेर गेलं, ते रात्रभर फळ परत शोषून घेतं. कोरडं झालेलं साखरेचं फळ ओल ओढतंच, गुळाच्या भेलीनं पावसाळ्यात काय होतं ते तुम्ही जाणताच. मग सकाळी बाई म्हणतात, ‘चार दिवस झाले, वाळतच नाही, झाडच खराब दिसते.’ झाडाचा काय दोष, बाप्पा! कूलरच वापरायचा असेल तर टाकीतलं पाणी काढा, पंप बंद ठेवा, ताट्या पूर्ण कोरड्या होऊ द्या आणि नुसत्या पंख्याचा झोत जाळीवर आडवा सोडा. यापेक्षा स्वस्त ड्रायर मिळणार नाही. रात्री अंजीर कूलर नसलेल्या कोरड्या खोलीत झाकून ठेवायचं. आभाळ भरून आलं, अवकाळीचा रंग दिसला, तर दिवसाही आतच.

फळ कोणतं घ्यायचं, हेही सांगतो. आपल्याकडं नर्सरीतून येणारं रोप बहुधा ‘पूना फिग’चं असतं. पुरंदरचं अंजीर म्हणून जे प्रसिद्ध आहे, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही याच घराण्यातलं. हे फळ ताजं खायला उत्तम. वाळवायला मध्यम, कारण साखर कमी, पाणी जास्त. दुकानातलं दोऱ्यात ओवलेलं अफगाणी अंजीर वेगळ्या जातीचं, तेव्हा ‘तसं का होत नाही’ हा प्रश्न विचारू नका. आणि हो, दर वेळी कुणीतरी विचारतंच, उंबरासारखे यात किडे असतात का? उंबराला परागीकरणासाठी चिलट लागतं, तुर्कस्तानातल्या इझमीर भागातल्या अंजिरालाही लागतं. पूना फिगला लागत नाही, परागीकरणाशिवायच फळ धरतं. श्रावणातही बिनघोर खा.

झाडावरच पूर्ण पिकू द्या. मान लवली, फळ लोंबलं, हाताला मऊ लागलं, सालीवर बारीक भेगा आल्या की तोडा. देठातून पांढरा चीक गळत असेल तर ते कच्चं आहे. तोडल्यावर त्याला गोडी चढत नाही, आणि चीक हाताला चावतो तो वेगळाच. बुडाच्या डोळ्यातून रस गळतोय, आंबूस वास येतोय, ते फळ बाजूला. त्या भोकातूनच माशी आणि यीस्ट आत शिरतात. म्हणून माझा आग्रह, उभे दोन काप करा. आतलं दिसतं. काळी भुकटी किंवा हिरवट-पिवळी बुरशी दिसली की फेका. त्या बुरशीचं विष धुऊन जात नाही, तळूनही जात नाही. काप नेहमी कापलेली बाजू वर करून मांडा, म्हणजे रस खाली गळत नाही. पहिल्या दिवशी उलटायचे नाहीत. काप तीन-चार दिवसांत होतात, अख्खं फळ आठवडा घेतं. अख्खंच हवं असेल तर फडक्यात बांधून उकळत्या पाण्याच्या गंजात अर्धा ते एक मिनिट बुडवा, लगेच गार पाण्यात घाला, मग पुसून कोरडं करा. सालीवरचं मेण जातं आणि बारीक चिरा पडतात, तिथून पाणी निघतं.

(आयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं उरली. फळ्यावरचा विषय अजून तसाच आहे, कल्पना आहे मला.)

तर टिकवण. किती वाळलं हे डोळ्यानं ठरवू नका, काट्यावर ठरवा. २ किलो ताज्या फळात सुमारे ४०० ग्रॅम ऐवज, बाकी पाणी. वजन ५०० ग्रॅमवर आलं की ओल २० टक्के राहिली, तिथं थांबा. ७०० वर थांबलात तर ४० टक्क्यांहून जास्त ओल आहे, बुरशी ठरलेली. ४५० खाली नेलं तर दाताला चामडं लागतं. रिकाम्या जाळीचं वजन आधी लिहून ठेवा. दाबून पाहायचं तर गार झाल्यावर. गरम फळ नेहमी मऊच लागतं.

मग काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरा. आठ-दहा दिवस रोज हलवायची. एखादा तुकडा ओला, एखादा कोरडा असतो, त्यांची ओल सारखी होते. झाकणाला आतून थेंब दिसले की सगळं परत जाळीवर.

त्यानंतर घट्ट पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ४८ तास, म्हणजे किड्यांची अंडी मरतात. एका दाराच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नसेल, तर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दव थेट फळावर बसतं. शेवटी २००-२५० ग्रॅमच्या लहान बरण्या. मोठी बरणी पावसाळ्यात रोज उघडली की सगळाच माल ओल धरतो. जूननंतर फ्रीज उत्तम.

पांढरा थर आला म्हणून लगेच फेकू नका. कोमट पाण्याच्या थेंबात विरघळला तर साखर. लोकरीसारखा असेल, कुबट वास असेल तर बुरशी, पूर्ण बरणी उकिरड्यावर. गंधकाची धुरी घरी देऊ नका. रंग उजळ राहतो खरा, पण तो धूर छातीला वाईट, आणि दम्याच्या माणसाला तसं फळही त्रास देऊ शकतं. तपकिरी अंजीर चांगलंच असतं.

शेवटची चिठ्ठी, ‘मायक्रोवेव्हमध्ये होईल का?’ नाही. आत शिजतं, कडेला जळतं. हवेचा झोत असलेला ड्रायर असेल तर ५५ ते ६० अंशांवर ठेवा, आणि दर दोन-तीन तासांनी वरची जाळी खाली, खालची वर करा.