घोड्याची मान: बांधलेली आणि घडवलेली

कल्पना करा, पडद्यावर दोन घोडे दिसत आहेत. दोघांचीही मान कमानदार आहे, दोघेही लयीत दुडकी चालत आहेत, आणि दुरून पाहणाऱ्याला त्यांच्यात फारसा फरक जाणवणार नाही. पहिल्या घोड्याचे डोके मात्र तंगापासून, म्हणजे खोगीर घट्ट धरणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्यापासून, निघालेल्या लांब पट्ट्याने ओढून धरलेले आहे, तर दुसरा घोडा तीच ठेवण स्वतःच्या पाठीच्या आणि मागच्या पायांच्या बळावर सांभाळून आहे. हा प्रकार आहे ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या चालींची आणि प्रशिक्षणाची परीक्षा घेणारी अश्वारोहणाची स्पर्धा. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अनुष अग्रवाला, दिव्यकृती सिंह, सुदीप्ती हजेला आणि मुंबईचा हृदय छेडा यांच्या संघाने याच प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा अनेक मराठी घरांत तो पहिल्यांदाच कुतूहलाने पाहिला गेला.

आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या नियमानुसार घोड्याचा माथा, म्हणजे दोन कानांमागचा भाग, सर्वांत उंच असावा आणि कपाळापासून नाकापर्यंतची रेषा उभ्या रेषेच्या किंचित पुढे राहावी. नियमात वर्णन केलेली ही ठेवण म्हणजे घोड्याच्या शरीरात घडलेल्या कामाचा परिणाम असतो. तो परिणाम काम न करताच मिळवण्याची घाई झाली, की पट्टे हाती घेतले जातात.

त्यांपैकी ड्रॉ रेन हा पट्टा नीट पाहण्यासारखा आहे. तो तंगापासून निघतो, बिटच्या, म्हणजे तोंडातल्या लगामाच्या दांडीच्या, कडीतून ओवला जातो आणि स्वाराच्या हातात येतो, त्यामुळे बिटची कडी इथे फिरत्या कप्पीचे काम करते आणि हाताने लावलेला जोर तोंडावर जवळजवळ दुप्पट होऊन पोहोचतो. हा जोर जिथे पडतो, ती जागा पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली बिनदातांची आहे. तिथे हाडावर पातळ त्वचेखेरीज काही नसते, आणि बिटखाली जीभही दाबली जाते. वेदना टाळण्यासाठी घोडा हनुवटी छातीकडे नेतो आणि पाहणाऱ्याला वाटते, की घोडा ऐकू लागला. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्याचा सारा श्वास नाकावाटेच चालतो. त्यामुळे मान अशी आवळली गेली, की घशातला श्वासमार्ग अरुंद होतो, आणि समोरची वाटही त्याला धड दिसत नाही.

जेरबंद हा डोके वर जाऊ न देणारा दुसरा पट्टा तुलनेने सौम्य आहे. त्याच्या एका प्रकारात छातीवरून आलेल्या पट्ट्याच्या दोन कड्यांमधून लगाम जातो आणि योग्य मापाने बांधल्यास घोड्याने डोके फार वर फेकले तरच तो अडवतो, म्हणून उड्यांच्या शर्यतीत त्याचा वापर समजण्यासारखा आहे. ड्रेसाजच्या रिंगणात मात्र जेरबंद आणि ड्रॉ रेन या दोन्हींना मनाई आहे, आणि ती योग्यच आहे, कारण तिथे परीक्षा प्रशिक्षणाचीच असते.

घोडा डोके वर का फेकतो, हा प्रश्न पट्टा बांधण्याआधी विचारला जायला हवा. दाढांच्या धारदार कडा गालाला टोचत असतील, खोगीर पाठीवर चुकीच्या जागी दाबत असेल, स्वाराचा हात अस्थिर असेल, किंवा तरुण घोड्याच्या पाठीत माणसाचे ओझे पेलण्याइतकी ताकदच अजून आली नसेल, तर तो पाठ खाली सोडतो आणि डोके उचलतो. डोके बांधून टाकले, तर त्याची तक्रार दिसेनाशी होते, पण दुखणे जागच्या जागी राहते. पशुवैद्याला बोलावून दात तपासून घेणे हे म्हणूनच प्रशिक्षणाचे पहिले पाऊल मानावे.

हा वाद जुना आहे. सतराव्या शतकात विल्यम कॅव्हेंडिश या इंग्रज सरदाराने अँटवर्पमधल्या निर्वासनाच्या काळात घोडे शिकवताना नाकपट्ट्यापासून खोगिराकडे नेलेला लगाम वापरला आणि वर्तुळांवर भर दिला. पुढच्या शतकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या फ्रांस्वा रोबिशों द ला गेरिनिएर यांनी त्यातली उणीव ओळखली: अशा वर्तुळात घोड्याचा भार खांद्यांवर येतो. त्यांनी घोड्याला सरळ रेषेत नेत त्याचा खांदा किंचित आत वळवण्याचा व्यायाम मांडला. त्यात आतल्या बाजूचा मागचा पाय शरीराखाली पुढे येतो, भार मागे सरकतो आणि मान आपोआप उचलली जाते. आजही शिकवणारे गुरू याच व्यायामाकडे वळतात, आणि त्याला पर्याय ठरेल असा पट्टा अद्याप कोणी बनवलेला नाही.

प्रत्यक्ष काम सावकाश चालते. मोठी वर्तुळे, संथ चालीवरून दुडकीत आणि दुडकीवरून संथ चालीत वारंवार होणारे बदल, मान पुढे आणि खाली लांबवू देणारे विश्रांतीचे टप्पे, आणि दाब दिल्यावर घोड्याने प्रतिसाद देताच त्याच क्षणी दाब सोडणारा हात, यांतून घोडा शिकतो. तो दाबाने शिकत नाही, दाब सुटल्यावर शिकतो. बांधलेल्या पट्ट्याला ही वेळ नेमकी साधता येत नाही. लंजिंग करताना, म्हणजे लांब दोरीवर घोड्याला वर्तुळात फिरवताना, बिटपासून खोगिराकडे बांधलेले बाजूचे पट्टे बहुधा दुडकीतच का लावले जातात, याचेही कारण सोपे आहे: दुडकीत घोड्याचे डोके बरेचसे स्थिर असते, पण संथ चालीत ते पावलागणिक वर-खाली होते आणि न सरकणारा पट्टा ती हालचाल प्रत्येक वेळी अडवतो.

नियम असूनही सर्वोच्च पातळीवर जबरदस्ती होत राहिली, हे दुःखद आहे. २००९ मध्ये डेन्मार्कमधील ओडेन्से येथील सरावात जीभ निळी पडलेल्या एका घोड्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्यानंतर फेब्रुवारी २०१० मध्ये लोझानमधल्या बैठकीत महासंघाने आक्रमक बळाने मान अतिवाकवणे अमान्य ठरवले. मग लक्ष वळले नाकपट्ट्याकडे, कारण तो घट्ट आवळला, की घोड्याला तोंड उघडून बिटपासून सुटकाही मिळवता येत नाही. परंपरेने त्याखाली दोन बोटे जायला हवीत; २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या ७५० घोड्यांपैकी फक्त ७ टक्क्यांच्या नाकपट्ट्यात एवढी जागा आढळली, तर ४४ टक्क्यांत एक बोटही जाण्याजोगी जागा नव्हती. २०२५ पासून महासंघाने त्यासाठी ठरावीक मापनसाधन वापरात आणले.

आपल्याकडचे चित्रही तपासावे लागेल. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि उंच, कमानदार मानेचे घोडे तिथे कौतुकाने पाहिले जातात. वरातीच्या घोड्यांच्या तोंडात अजूनही काटेरी लगाम आढळतो, जरी ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनी टोकदार, काटेरी लगाम वापरण्यास देशभर मनाई केलेली आहे.

ड्रेसाजच्या काही चाचण्यांत एक क्षण असा येतो, की धावत्या घोड्यावरच्या स्वाराने दोन्ही हात मानेवरून पुढे नेऊन लगाम काही पावले सैल सोडायचा असतो. पहिल्या घोड्याकडे आता पाहा: पट्टा काढलेला आहे, आणि लगाम सुटताच त्याने डोके वर फेकले, पाठ खाली गेली, लय तुटली. दुसऱ्या घोड्याची मान जिथे होती तिथेच राहिली आहे, आणि परीक्षक गुण देतात ते याच काही पावलांना.